सात पांढऱ्या पट्ट्या

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. व्यासपीठावर सात पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या आणि त्यांच्या पलीकडे कृपेने दुखणी बरी करणारे बाबा. "ही सात पावलं मी तुझ्यासाठी चालून ठेवलीत, माई. तू नुसती ये!" पार्किन्सनमुळे वर्षभर जागच्या जागी खिळणारी बूट दुरुस्तीवाल्याची बायको एकेक पट्टी ओलांडत थेट बाबांपर्यंत गेली. लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं. बाबांनी फर्मावलं, "आता औषधांना रजा." जणू औषधं यांच्याच कचेरीत नोकरीला होती! पण त्या क्षणी बूटवालाही ढसाढसा रडला होता, हे कबूल करायला हवं.

पाचव्या दिवशी तिला कूसही बदलता येईना. गोळ्या एकदम तोडल्या तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं. पण गोळी पुढे केली की ती तोंड घट्ट मिटायची. गोळी घेतली तर कृपा जाईल, एवढंच म्हणायची.

बिचारा बूटवाला करतो काय? बाबांच्याच पाया पडायला पुन्हा गेला. रांगेत सवयीने त्याची नजर लोकांच्या पायांवर. याच दुखण्याची त्याची दोन जुनी गिऱ्हाइकं पुढे होती. शिंप्याचा उजवा पाय घासायचा, म्हणून त्याच बुटाचं टोक झिजायचं. मास्तर पुढे झुकून तुरुतुरु चालायचे, थांबता थांबत नसत. सेवेकरी प्रत्येकाला एका अरुंद दारातून चालवत होते. शिंपी घासत गेला, मास्तर तुरुतुरु गेले. दोघांनाही "तुमची वेळ अजून आली नाही" म्हणून वाटेला लावलं. एक म्हातारी मात्र दारातच खिळली, आणि तिला मानाने व्यासपीठावर नेलं.

बूटवाला तडक दवाखान्यात गेला. तिथल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी समजावलं की दुखणं एकच असलं तरी प्रत्येकाची चाल निराळी असते. खिळणाऱ्यांतल्या पुष्कळांना समोर ओलांडायला रेघ दिसली की पाऊल उचलता येतं. तेवढ्यापुरतंच, दुखणं जिथल्या तिथे. म्हणजे बाबा बरं कुणालाच करत नव्हते, फक्त माणसं निवडत होते. चमत्कार दिसला की आधी विचारावं, किती जणांना परत पाठवलं?

घरी येऊन त्याने कातड्यावर खुणा करायच्या खडूने फरशीवर रेघा मारल्या. बायकोला धरून उभं केलं. त्याच्या आधाराने ती चालली, अगदी खाटेपासून खिडकीपर्यंत. आणि तिने हात जोडले.

"बघा, बाबा घरी आले."

"अगं, रेघा मी मारल्या!"

"त्यांनीच मारून घेतल्या."

त्याने कपाळावर हात मारला. मग ओल्या फडक्याने सगळ्या रेघा पुसल्या. "आता चाल बरं कृपेवर."

पाय जमिनीला चिकटले. पाऊल काही उठेना. तिला असं उभं केल्याची त्याला स्वतःचीच चीड आली. ती म्हणाली, "म्हणजे मी बरी होणार नाही?"

बाबा इथे फटकन खोटं बोलले असते. त्याला ते जमेना.

"नाही. पण गोळीने थोडी, रेघेने थोडी, चालशील. जे खरं आहे तेवढंच धर, मी हात जोडतो तुला."

ती रडली. मग तिने तोंड उघडलं, आणि त्याने गोळी जिभेवर ठेवली.