पहिल्याची सर

“दोनशे शब्द खूप झाले, काकू. पहिल्याची सर दुसऱ्याला आली का, एवढंच लिहा. लोक तेवढंच विचारताहेत,” कालिना म्हणाली आणि तिने बरोबर आणलेला चीजच्या पापुद्री बनित्साचा डबा ओट्यावर ठेवला.

नेवेना कोलारोवा ताटल्या पुसत होती. एकच ताटली ती मघापासून पुसत होती.

“अगं, मी नर्स. ताप आणि रक्तदाब सोडून मी आयुष्यात काही लिहिलेलं नाही.”

“चाळीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून सिनेमे पाहिलेत तुम्ही!”

“शेजारी बसणं वेगळं.”

“दुसरं कुणी लिहिलेलं वाचकांना चालणार नाही. मलाही नाही चालणार,” कालिना म्हणाली. बल्गेरियातल्या रूसे शहरातल्या एका छोट्या साप्ताहिकाची ती संपादक होती. वय जेमतेम तीस. लुबेन कोलारोव्हचा मजकूर आपण कापायचा म्हणजे काय, या धाकात तिने पहिलं वर्ष काढलं होतं. लुबेन, नेवेनाचा नवरा, दिवसभर जहाजबांधणीच्या कारखान्यात भांडाराचा कारकून असायचा आणि दर शुक्रवारी सहाव्या पानावर सिनेमाबद्दल लिहायचा. सलग एकतीस वर्षं. एकदा अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हासुद्धा त्याने खाटेवर पडून नेवेनाला मजकूर सांगितला होता. स्वल्पविरामांसकट.

सप्टेंबरात तो गेला. चाळिसावा दिवस मागच्याच रविवारी झाला होता. इमारतीच्या दारावर त्याच्या फोटोचा, श्रद्धांजलीचा नवा कागद लागला होता, आणि त्या दिवशी वाटलेल्या गोड गव्हाची उरलेली वाटी अजून फ्रिजमध्ये होती. आणि नेमका आताच, बेचाळीस वर्षांनी, ‘हिमतारा’ या अंतराळपटाचा दुसरा भाग आला होता. याचीच लुबेन दोन वर्षं वाट पाहत होता. “वाईटच असणार,” तो म्हणायचा, “पण आपल्याला तो तपासून वाईट ठरवायचाय.”

“बरं,” नेवेना म्हणाली. नाही म्हणायला जास्त बोलावं लागलं असतं.

गेले सहा आठवडे तिचं असंच चाललं होतं. ती वेळेवर उठत होती, डायलिसिसच्या वॉर्डात सकाळी सहाला हजर होत होती, सुया टोचत होती, सुया काढत होती. एकदाही रडली नव्हती. शेजारपाजारचे म्हणत, धीराची बाई आहे. धीरबीर काही नाही, हे तिला ठाऊक होतं. बधिर करायचं इंजेक्शन दिलं की पेशंट म्हणतात ना, हात लागलेला कळतोय पण दुखत नाही, तसं होतं ते. फक्त इंजेक्शनचा अंमल किती तासांनी उतरतो हे तिला पेशंटला सांगता यायचं. स्वतःला सांगता येत नव्हतं.

शनिवारी दुपारी चारच्या खेळाला गांचो तिला न्यायला आला. गांचो म्हणजे लुबेनचा शाळेपासूनचा दोस्त, पदार्थविज्ञानाचा निवृत्त मास्तर. त्याने कोट घातला होता आणि दाढी इतकी घोटून केली होती की हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं होतं.

“चला वहिनी. आधीच सांगून ठेवतो, आतमध्ये पॉपकॉर्न खाणाऱ्यांशी मी भांडणार आहे. लुबेन असता तर त्याने भांडण लावून दिलं असतं आणि स्वतः पडदा बघत बसला असता.”

“तुम्ही भांडा. मी ओळख दाखवणार नाही.”

“हं! हे शंभर टक्के त्याचं वाक्य झालं.”

जाहिराती संपता संपेनात. गांचो घड्याळ बघत पुटपुटत होता. “एवढ्या वेळात प्रकाश मंगळावर जाऊन परत येतो. तुम्ही दोघं तर ‘हिमतारा’लाच पहिल्यांदा गेला होतात ना? त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं, पोरगी अशी तल्लीन झाली होती, एक शब्द बोलली नाही.”

तल्लीन कसली, नेवेना झोपली होती. एकवीस वर्षांची होती, रात्रपाळी करून आली होती, आणि त्या रात्री तिच्या वॉर्डातला पहिला पेशंट तिच्या हातात गेला होता. नऊ वर्षांची मुलगी. सिनेमाच्या दारात भेटल्या भेटल्या तिने ते या नव्या ओळखीच्या मुलाला सांगून टाकलं होतं. तो म्हणाला, मग घरी जा, झोप. ती म्हणाली, घरी नको. अर्ध्या सिनेमापर्यंत तिने डोळे ताणून ठेवले. एक बाई, यानाची इंजिनियर. बर्फाच्या ग्रहावरच्या ठाण्यात तिचा नवरा मागे राहिलेला. वीस वर्षांनी ती त्याला आणायला निघते. इथवर तिला आठवत होतं. जाग आली तेव्हा दिवे लागले होते आणि लोक कोट चढवत होते.

मग डॅन्यूब नदीच्या काठाने घरी जाताना तिने विचारलं, “शेवटी काय झालं?”

लुबेन थोडा वेळ चालत राहिला. मग म्हणाला, “ती दार उघडते. आत तो असतो. म्हातारा झालेला. शेगडीवर चहाचं आधण ठेवलेलं. तिच्याकडे बघून एवढंच म्हणतो, ‘उशीर केलास.’”

ते तिला इतकं आवडलं की ती रस्त्यातच रडली. त्या मुलीसाठीचं रडू होतं की त्या म्हाताऱ्यासाठीचं, कोण जाणे.

पुढे ते वाक्य त्यांच्या संसारातच मुरलं. पाळीवरून ती घरी आली की स्वयंपाकघरातून त्या अंतराळवीराच्या खर्जात आवाज यायचा, “उशीर केलास.” ती वेळेवर आली तरी. भांडण झालेलं असलं तरी, मग जरा घुश्शात. सप्टेंबरातल्या त्या दिवशी ट्रॉलीबस बंद पडली, तिला खरोखरच वीस मिनिटं उशीर झाला, आणि आतून आवाज आला नाही. चपला काढण्याआधीच तिला कळलं होतं.

दिवे मालवले.

दुसरा भाग सुरू झाला तो पहिल्याच्या शेवटच्या दृश्यापासून. तीच जुनी फिल्म, तेच किंचित पिवळट रंग. जाड पोशाखातली बाई बर्फातून चालत ठाण्यापर्यंत येते. हातमोज्याने दारावरचं दंव खरवडते. दार उघडते.

आत कुणी नव्हतं.

टेबल होतं, मागे सरकवलेली खुर्ची होती, दोन पेले मांडून ठेवलेले होते, आणि सगळ्यावर बोटभर बर्फ. ती बाई एक खुर्ची पुसते आणि बसते. तिच्या श्वासाची वाफ दिसते. बस.

नेवेनाने डावीउजवीकडे पाहिलं. कुणाला काहीच वाटलेलं दिसत नव्हतं. मागच्या रांगेतला एक जण बायकोला हलक्या आवाजात म्हणाला, “हाच तो शेवट, बघ, मी सांगत होतो ना.” गांचोने रुमाल काढून नाक शिंकरलं.

नंतरचे दोन तास पडद्यावर बरंच काही झालं. त्या बाईची मुलगी आता यान घेऊन त्याच ग्रहावर आली होती. यानं प्रचंड होती, काहींना आगी लागल्या, एका शहराएवढ्या बर्फाच्या भिंतीला तडा गेला तेव्हा खुर्च्या थरथरल्या. नेवेनाने सगळं पाहिलं, एक क्षणही डोळा लागू दिला नाही. मुलीला शेवटी बापाची डायरी सापडली आणि तिने ती मोठ्याने वाचली. आजूबाजूला लोक डोळे टिपत होते. नेवेना पडद्यावरच्या अभिनेत्रीच्या दंडाकडे बघत होती. शीर चांगली होती, सुई सहज लागली असती.

बाहेर आल्यावर गांचोने दोन कॉफ्या आणल्या आणि लगेच सुरू झाला. “गोंगाट, वहिनी! नुसता गोंगाट. पहिल्यात अडीच तासांत एक दार उघडतं, आणि माणूस जन्मभर विसरत नाही. इथे वीस यानं फुटली, मला एकाचं नाव आठवत नाही. हां, डायरीचा प्रसंग बरा होता, ते कबूल करतो. पण डायरी कशाला? आम्हाला ते दोन पेले पुरले होते की!”

“गांचो,” नेवेना म्हणाली, “पहिल्यात तो म्हातारा आत नसतो?”

“कोण म्हातारा?”

“तिचा नवरा. चहा ठेवलेला असतो आणि म्हणतो, उशीर केलास.”

गांचोने कॉफी खाली ठेवली. “भलतंच काय? तो सतरा वर्षांपूर्वीच मेलेला असतो. तो जिवंत निघाला असता तर तो सिनेमा दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहिला असता? कुणी सांगितलं तुम्हाला हे?”

तिने आपली कॉफी जवळ ओढली.

“आणि गंमत बघा,” गांचो आपल्याच नादात म्हणाला, “त्या शेवटासाठी लुबेन जीव टाकायचा. आम्ही दोघं तो सात वेळा पाहून आलो. मी शंभरदा म्हटलं, बाबा रे, लिही एकदा त्याच्यावर. एकतीस वर्षांत एक ओळ नाही लिहिली. म्हणायचा, घरात वाचणारं माणूस आहे. मला काही त्याचा अर्थ लागला नाही. अजून नाही लागला.”

दर नववर्षाला टीव्हीवर ‘हिमतारा’ लागायचा, आणि दर नववर्षाला लुबेन तिला घेऊन कुठेतरी निघायचा. बहिणीकडे, चौकातले दिवे बघायला, एकदा तर निव्वळ मोहरी आणायला. छोट्या पडद्यावर त्याचा चोथा होतो, म्हणायचा. नेवेनाला ते सगळं एकापाठोपाठ एक आठवत गेलं, आणि आठवत असताना तिने कॉफी शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. गांचोने ती बिनसाखरेची आणली होती हे तिच्या ध्यानात आलं नाही.

रविवारी ती टेबलाशी बसली. लुबेनचा टाइपरायटर तिने काढला नाही. वॉर्डातल्या नोंदीच्या वहीचा एक कोरा कागद घेतला आणि ज्या अक्षरात ती पेशंटची नोंद करायची त्याच अक्षरात लिहिलं. अर्ध्या तासात झालं. सोमवारी पाळी संपल्यावर तिने कागद कालिनाच्या कार्यालयात नेऊन दिला आणि समोर उभी राहिली.

कालिनाने वाचलं:

“‘हिमतारा’चा दुसरा भाग दोन तास दहा मिनिटांचा आहे. बर्फ चांगला दाखवला आहे. आवाज मोठा आहे, ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी मागे बसावं. मुलीचं काम करणारी नटी मन लावून काम करते. प्रेक्षक रडत होते. पहिल्याची सर याला आली का, असं मला विचारलं आहे. पहिल्याचा शेवट मी कधी पाहिला नव्हता. तो मला एका माणसाने नदीकाठी चालता चालता सांगितला होता. त्या सांगण्याची सर दुसऱ्या भागाला नाही. पहिल्यालाही नाही.”

कालिनाने कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

“काकू, पण लोक विचारतील, जावं की न जावं? चांगला आहे की वाईट?”

“ते मला आत्ता सांगता येणार नाही, बाळ. मला सध्या मिठाची चवसुद्धा कळत नाही. माझ्या भरवशावर लोकांना कशाला पाठवतेस किंवा थांबवतेस?”

“दोनशे शब्द नाही झालेत.”

“मग जागा सोड रिकामी.”

कालिनाने कागद फायलीत ठेवला. “एक शब्द कापत नाही मी. खाली नाव काय घालू? वाचकांना सवय आहे, लुबेन कोलारोव्ह यांच्या स्मृतीस, असं काहीतरी…”

“माझं घाल. त्याने हे लिहिलं नसतं.”

शुक्रवारी ते छापून आलं. संध्याकाळी गांचोचा फोन आला.

“वहिनी, वाचलं.”

“हं.”

“लबाड होता लेकाचा.”

“होता.”

“मला तरी सांगायचं त्याने. मी काय बोंबलत फिरलो असतो?”

“तुम्ही फिरला असता, गांचो.”

“हो, फिरलो असतो,” गांचो म्हणाला, आणि फोन ठेवायचं त्याला सुचेना, म्हणून शेवटी तिनेच ठेवला.

नोव्हेंबर निम्मा सरला. सिनेमा उतरला. पुढच्या शुक्रवारी नेवेना वॉर्डात शिरली तेव्हा खिडकीजवळच्या खाटेवर मेतोदी आजोबा आधीच डावी बाही वर करून बसले होते. ते ट्रॉलीबसचे निवृत्त ड्रायव्हर, आठवड्यातून तीनदा यायचे, चार तास यंत्राला बांधलेले असायचे आणि त्या वेळात साप्ताहिक जाहिरातींसकट वाचून काढायचे. आज त्यांनी सहावं पान बाहेर येईल अशी घडी घातली होती. त्या जागी आता शब्दकोडं आलं होतं.

“सिस्टर, पेन द्या जरा. आणि हे सांगा, आडवा अकरा. आपल्या नदीचं रोमनांच्या काळातलं नाव. पाच अक्षरं.”

तिने खिशातलं पेन काढून दिलं. त्यांचा दंड हातात घेतला, शीर चाचपली, कापसाने पुसली.

“आमच्या घरात हे एकालाच माहीत होतं,” ती म्हणाली.

मेतोदी आजोबांनी मान वर केली आणि पेन कोड्यावरून उचललं.

“सोडून द्या ते सध्या,” नेवेना म्हणाली. “उभे शब्द भरा आधी. त्यातनं येईल. आता टोचतेय हं, हात हलवू नका.”

तिने सुई लावली. नळीत रक्त चढलं. तिने घड्याळ बघून वहीत वेळ लिहायला खिशात हात घातला, पेन आजोबांकडे होतं हे तिच्या लक्षात आलं, आणि त्यांनी उभा तीन भरून संपवेपर्यंत ती खाटेशी उभी राहिली.