पन्नास मायक्रोग्रॅम

झुंबररावांनी डाव्या तळव्यावर तीन गोळ्या एका रेषेत मांडल्या, उजव्या हातात दुधाच्या चहाचा कप घेतला आणि दोन्ही हात बायकोपुढे एकदमच केले.

"घे सुमन. एका सेटिंगमध्ये!"

सुमनबाईंनी गोळ्या तोंडात टाकल्या, चहाच्या घोटाबरोबर उतरवल्या आणि शाल पुन्हा गळ्याशी ओढून घेतली. मे महिना होता. पंखा गरगरत होता, गल्लीतलं कुत्रं सकाळी आठलाच नाल्यात जाऊन बसलं होतं, आणि बाईंना थंडी वाजत होती.

झुंबररावांनी सातपूरच्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथ चालवली. टर्नरचा धर्म एकच, जॉब एकदा चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरला की सगळी कामं एका सेटिंगमध्ये उरकूनच सोडायचा. सोडून पुन्हा धरला की माप हललंच. रिटायर झाल्यावर लेथ गेली, धर्म तेवढा उरला, आणि तो बायकोच्या औषधांवर येऊन बसला. एक थायरॉइडची, एक बीपीची आणि एक गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरने दिलेली कॅल्शियमची. तिन्ही एकदम, एका घोटात. आठ महिन्यांत एक दिवस चुकला नव्हता, आणि हे सगळ्या कॉलनीला ठाऊक होतं, कारण झुंबरराव स्वतःच सांगत फिरत.

तरीही थायरॉइडने बसलेला सुमनबाईंचा आवाज काही परत येईना.

आणि आवाज तरी कसा? विहारात रविवारची वंदना त्या घेत. त्या सुरू झाल्या की एमआयडीसीचा भोंगा लाजून दोन मिनिटं उशिरा वाजायचा, दुसऱ्या पाळीचे कामगार सुखाने बिडी संपवायचे आणि मॅनेजर घड्याळजीला शिव्या द्यायचा, असं जुने लोक अजून शपथेवर सांगतात. रविवारी दुसरी पाळी असते का, असं त्यांना कुणी विचारत नाही. त्या आवाजाची आता नुसती खरखर उरली होती. यंदाच्या बुद्धपौर्णिमेला कॉलनीतल्या उज्वलाने वंदना घेतली, आणि सुमनबाई मागच्या रांगेत ओठ हलवत बसल्या.

त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या.

"थायरॉइडचा आकडा खाली येत नाहीये. गोळी रोज घेता ना?"

"रोज साहेब! माझ्या हातानं देतो," बाईंनी तोंड उघडायच्या आत झुंबरराव म्हणाले.

"मग डोस वाढवावा लागेल. बीपी आहे, तेव्हा छातीत धडधडलं तर लगेच यायचं."

रिक्षात सुमनबाई त्याच खरखरत्या आवाजात हळू म्हणाल्या, "यापुढं उज्वलालाच सांगा वंदना घ्यायला. गेला तो आवाज. आता नाही यायचा."

चाळीस वर्षांत ही बाई कुणालाही 'नाही' म्हणाली नव्हती, फक्त झुंबररावांना सोडून. आज ती स्वतःच्या आवाजालाच म्हणाली.

कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये अलिशा बसायची. फार्मसी शिकलेली, बोलायला चटपटीत. तिने चिठ्ठी वाचली.

"डोस वाढला, काका? काकू गोळी घेतात कशी?"

झुंबररावांनी छाती काढून सगळी पद्धत सांगितली, तळव्यावरच्या रेषेसकट. अलिशाने हातातलं नव्या गोळ्यांचं पाकीट परत खाली ठेवलं.

"कॅल्शियम पण त्याच वेळी? आणि वर दुधाचा चहा?"

"पाण्यानं घशात अडकतात म्हणती."

"अहो काका, मग थायरॉइडची गोळी निम्मी वायाच गेली की! कॅल्शियम तिला पोटातच धरून ठेवतं, अंगात जाऊच देत नाही. बीपीच्या गोळीशी तिचं तसं भांडण नाही. पण सकाळी तिला एकटीलाच जाऊ द्यायचं. उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. मग तासभर चहासुद्धा नाही. नाश्त्यानंतर बीपीची, आणि ती चुकवायची नाही. कॅल्शियम दुपारी जेवल्यावर."

"तीन वेळा सोडायचं, तीन वेळा धरायचं?"

"काकू म्हणजे काय जॉब आहे का, चकमध्ये आवळायला?" अलिशा म्हणाली. मग तिचा आवाज उतरला. "आणि हा वाढीव डोस मी आत्ता देत नाही. उद्यापासून जुनीच गोळी पूर्ण लागायला लागेल. तिच्यावर ही चढवली तर छाती धडधडायला लागेल, बीपी वर जाईल. थांबा, डॉक्टरांना विचारते."

तिने फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, डोस तोच ठेवा, वेळा सुधारा, सहा आठवड्यांनी रक्त तपासू.

झुंबरराव काउंटरला धरून उभे होते.

"माझ्याच हातानं, पोरी. आठ महिने."

अलिशाने जुन्याच गोळ्यांचं पाकीट त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. पन्नास मायक्रोग्रॅम.

"हा मायक्रो म्हणजे आमच्या लेथवरच्या मायक्रॉनमधलाच मायक्रो का? दहा लाखावा भाग?"

"तोच. तुमचा मीटरचा, आमचा ग्रॅमचा."

घरी येऊन त्यांनी साखरेचा एक दाणा बोटावर घेतला. त्याचे दहा-बारा तुकडे केले तर त्यातला एक, एवढंच औषध. बाकीची गोळी म्हणजे नुसतं त्याचं पॅकिंग. एवढ्याशा कणावर एक अख्खी बाई उभी होती. तिची ऊब, तिचे केस, तिची चाल, तिचा गळा. आणि आजारी पडेपर्यंत तेवढा कण तिच्या गळ्यातली एक ग्रंथी रोज स्वतः बनवत आली होती. सुट्टी नाही, ओव्हरटाइम नाही, मापात चूक नाही. असला कारागीर झुंबररावांनी सगळ्या सातपुरात पाहिला नव्हता. पलंगावर झोपलेल्या बायकोच्या गळ्याकडे ते बघत राहिले. बोटावरचा दाणा विरघळून गेला.

दुसऱ्या दिवसापासून सहाला पाणी आणि एकटी गोळी. मग तासभर चहाशिवाय दोघं व्हरांड्यात बसायची, गाडी चुकलेल्या माणसांसारखी. तिसऱ्या आठवड्यात शाल कपाटात गेली. पाचव्यात सुमनबाईंनी दूधवाल्याला पाणी घालण्यावरून फैलावर घेतलं. तो बिचारा आनंदाने सगळ्यांना सांगत सुटला. सहा आठवड्यांनी रिपोर्टही आला. आकडा खाली आला होता, बीपीही जागेवर होतं. वंदनेचा विषय मात्र बाईंनी काढला नाही, आणि झुंबररावांची विचारायची छाती झाली नाही.

मग एका सकाळी ते चहा टाकायला आत गेले. आधण ठेवलं, आणि व्हरांड्यातून काहीतरी ऐकू आलं. वंदनेची पहिली ओळ फाटली. दुसरी जरा सावरली. तिसरीला तो आवाज असा उघडला, की शेजारचा मिक्सर थांबला, जिन्यात दूधवाल्याचा एक पाय वरच्या पायरीवर तसाच राहिला, आणि झुंबररावांच्या पोलाद कापलेल्या हातांवर काटा आला. यात एका शब्दाचीही थाप नाही.

त्यांनी हळूच गॅस बंद केला.

आवाज थांबला. "अहो, झाला का तास? चहा टाकताय ना?"

झुंबररावांनी ओट्यावरच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वासात झाले होते. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी एकही खोटं रीडिंग दिलं नव्हतं.

"छे," ते दाराशी येऊन म्हणाले. "वीस मिनिटं आहेत अजून."

सुमनबाईंनी मांडीवरचा मोबाईल उचलून त्यावरच्या वेळेकडे एक नजर टाकली. मग तो पालथा ठेवला, घसा साफ केला आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.