डॉक्टरांनी काढ्याचं विचारलं तेव्हा

तिने नळी खिडकीच्या उजेडात धरली. रक्त खाली बसलं होतं आणि वरचं पाणी मोहरीच्या तेलासारखं पिवळंजर्द दिसत होतं. नळीवरचं नाव तिने दोनदा वाचलं. रोजच्या पन्नास-साठ नमुन्यांतलाच एक, फक्त हा तिच्या सासूबाईंचा होता. यंत्रातून काविळीचा आकडा आला. असायला हवा त्याच्या दहापट.

अकरा वर्षं ती या प्रयोगशाळेत होती. इथे तिच्या शब्दाला किंमत होती.

कारण तिला ठाऊक होतं. घरामागच्या भिंतीवर गुळवेल चढली होती. सासूबाई रोज सकाळी बोटाएवढं जाड कांड तोडत, ठेचून उकळत आणि ते कडूजहर पाणी पेलाभर घटाघटा पीत. ताप असो, सांधे असोत, साखर असो, इलाज एकच. चार महिन्यांपूर्वी तिने सांगून पाहिलं होतं.

"आई, रोज एवढा काढा नका घेऊ. एखाद्याच्या यकृताला बाधतो. आमच्याकडे आले होते असे दोन पेशंट."

घरात पाहुणे होते. सासूबाई हसत त्यांच्याकडे वळल्या होत्या.

"लोकांना सुया टोचते आणि मला औषध शिकवते."

पाहुणे पोट धरून हसले. नवराही हसला.

आकडा आला त्याच संध्याकाळी ती सासूबाईंना दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी त्यांची खालची पापणी ओढून पाहिली.

"काढा, चूर्ण, असलं काही घेता का?"

"मी कुठलं काय घेते? विचारा हिला."

डॉक्टरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने मांडीवरच्या पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली.

"नाही," ती म्हणाली. "आमच्या घरात असलं काही कुणी घेत नाही."

डॉक्टर आणखी तपासण्यांची यादी लिहू लागले. सासूबाई समोरच्या घड्याळाकडे बघत राहिल्या.

उद्या सांगू, असं ती सहा दिवस स्वतःला म्हणत राहिली. सकाळी स्वयंपाकघरातून ठेचण्याचा आवाज आला, की ती न्हाणीघरातला नळ मोठा सोडायची.

सातव्या दिवशी आकडा निम्म्यावर आला. तिने नमुना पुन्हा यंत्रात घातला. तेवढाच.

ती घरी आली तेव्हा सासूबाई पलंगावर उशीला टेकून बसल्या होत्या.

"उतरला ना?"

"हो."

"उतरणारच. दवाखान्यातून आल्या आल्या मी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगून टाकलं. काढा त्याच दिवशी बंद केला."

"पण रोज सकाळी तर..."

"ठेचत होते. उकळत होते. मोरीत ओतत होते." सासूबाईंनी पांघरुणाची कड सारखी केली. "डोळे पिवळे दिसले तेव्हाच तुझं बोलणं आठवलं मला. दवाखान्यात म्हटलं, बघू तरी ही काय बोलते. मग म्हटलं, असेल मनात राग, गेला शब्द तोंडातून. आज तरी स्वयंपाकघरात येऊन माझा हात धरेल. सहा दिवस वाट पाहिली गं."

तिने खांद्यावरची पर्स उतरवून पलंगाच्या कडेला ठेवली.

"तुझ्या नवऱ्याला काही सांगितलं नाही मी," सासूबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दार उघडून नवरा आत आला. चपला काढता काढताच त्याने विचारलं, "आई, आज कसं वाटतंय?"

"हिच्यामुळे वाचले बघ." सासूबाईंनी तिचं मनगट धरून तिला जवळ बसवून घेतलं. "आणि आता म्हणते, नोकरी सोडते, दिवसभर तुमच्याजवळच राहते. मी नको म्हणतेय, तर ऐकतच नाही."

नवऱ्याचा चेहरा उजळला.

"खरंच?"

मनगटावरची बोटं जराशी घट्ट झाली.

"हो," ती म्हणाली.