सिप्रियनचा माड

मंत्री होण्याआधी सिप्रियन आमच्या मापू गावातला शेंबडा पोरगा होता, हे त्याला सोडून सगळ्यांच्या लक्षात होतं. मंत्री झाल्यावर त्याने आमची किनाऱ्यालगतची जमीन परदेशी हॉटेलवाल्यांना विकायला काढली. त्यातलं किती त्याच्या खिशात जाणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. कागदावर कुणाचं नाव नाही म्हणजे जमीन सरकारची, असं त्याचं म्हणणं.

आमच्याकडे कागद कधी नव्हतेच. मूल जन्मलं की त्याची नाळ पुरायची आणि तिच्यावर माड लावायचा. माड त्या मुलाचा, जमीन साऱ्या कुळाची. कुळातल्या एकेकाची सही घेतल्याशिवाय अशी जमीन विकता येत नाही, हे आमचं कोर्टही मानतं. पण ती कुळाची आहे हे सांगणार कोण? आम्ही कचेरीत तीन खेपा घातल्या, आम्हाला कुणी बसा म्हणालं नाही.

मोजणीच्या दिवशी सिप्रियन गाडीतून उतरला. बरोबर हॉटेलची वकीलबाई, मोजणीदार आणि रेडिओवाला. आमची चाळीस घरं उठणार होती आणि आम्ही मेंढरांसारखे कडेला उभे होतो. पुढे झाली ती फक्त युलालिया तांती, माझी आत्या; वडीलधाऱ्या बाईला आमच्याकडे सगळेच तांती म्हणतात. वय ऐंशीच्या पुढे. गावाची सुईण, सिप्रियनही तिच्याच हातावर जन्मलेला. तिने त्याच्यापुढे भाजलेल्या निरफणसाचं ताट धरलं. मला संताप आला. चोराला कसला पाहुणचार?

"खा रे बाबा," ती म्हणाली. "किती वाळलास!"

वाळतोय कुठला! कोटाची बटणं लागत नव्हती.

"तांती, उशीर होतोय. हे माड पाडायचेत."

"पाड की. तुझा थोडाच आहे यात?"

"म्हणजे?"

"तुझा गेला ना मोठ्या वादळात. मुळातच किडका होता बिचारा. तुझ्यासारखाच सातमाशा."

गाव खदखदून हसलं. रेडिओवालाही हसला. सिप्रियनचे कान लाल झाले. आमच्याकडे माणसाला काय वाटेल ते बोला, त्याचा माड मेला म्हणू नका.

"कोण म्हणतं गेला?" तो तरातरा विहिरीपाशी गेला आणि एका उंच माडावर त्याने थाप मारली. "हा बघ! आईने बोट धरून दाखवलीय ही जागा. माझी नाळ इथं पुरलीय, बापाची त्या खडकाशी, आज्याची त्याच्या पलीकडे!"

"बरं बाबा, तुझा. आणि बाकीचे?"

"बाकीचे ज्याचे त्याचे! आहेत सगळे!"

मग त्याचं लक्ष रेडिओवाल्याच्या हातातल्या माईककडे गेलं.

वकीलबाई थंडपणे म्हणाली, "मंत्रीसाहेब, म्हणजे जमीन तुमच्या कुळाची. मग सह्या किती लागतील?"

"दोनशे सदुसष्ट," तांतीनेच उत्तर दिलं. "निम्मी मंडळी लंडन आणि न्यूयॉर्कला असतात. पत्ते देते मी."

बाईने फाइल मिटली. मोजणीदाराने साखळी गुंडाळली. निरफणस तेवढा आम्ही संपवला.

संध्याकाळी मी तांतीपाशी जाऊन बसले. मनात तिला नको नको ते बोलले होते, त्याची लाज वाटत होती.

"तांती, धन्य आहेस तू. पण खोटं बोललीस हं. त्याचा माड तर चांगला उभा आहे."

"खोटं कशाला बोलू? त्याचा माड वादळात मुळासकट गेला. तेव्हा हा राजधानीत शिकत होता, आई वारलेली. मग मीच त्या जागी दुसरा लावला. तीन उन्हाळे पाणी घातलं."

"या माणसासाठी?"

"तेव्हा कुठं माणूस होता? पोर होतं," तांती म्हणाली. "माझ्या हातावर जन्मलेलं पोर मी बिनमाडाचं ठेवीन होय?"