झाद्रावेत्सच्या सहीची फळी

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी माझ्या पोटाचं दार उघडण्यात आलं. समोर विजेऱ्या घेऊन दोन विद्वान उभे होते.

मित्रांनो, मी एक जुना ऑर्गन आहे. मुरा नदीकाठच्या एका खेड्यात, चर्चच्या माळ्यावर, १८१४ पासून उभा आहे. ओकचं अंग, कथलाच्या नळ्या, मेंढीच्या कातड्याचा भाता. मला वीज लागत नाही. एकाने पट्ट्या वाजवायच्या, दुसऱ्याने मागे पायांनी भाता चालवायचा. जो पहिल्यांदा भाता चालवेल त्याने हवापेटीच्या फळीवर पेन्सिलीने नाव लिहायचं, ही गावाची रीत. त्या मंगळवारपर्यंत दोनशे सहा नावं झाली होती.

त्यांतलं एक फ्लोरियान झाद्रावेत्सचं. या संगीतकाराने अकरा वर्षं मला वाजवलं. माझ्याच पट्ट्यांवर रचलेली त्याची भजनं आज दोन राजधान्यांत गायली जातात. तो जन्मला नदीपल्याड, नांदला अल्याड. तेव्हा दोन्ही काठांवर एकच सम्राट होता. आता पल्याडचे त्याला स्लोव्हेन म्हणतात, अल्याडचे क्रोएशियन.

मी वाईट दिवसही पाहिले. १९१७ साली लढाईला धातू हवा म्हणून माझ्या दर्शनी नळ्या उपटून नेल्या, त्या परत आल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं माझ्यात उंदीर राहिले. मग रेझिका लिस्याक आली. गेली एकेचाळीस वर्षं तीच मला वाजवते, तीच पुसते.

त्या दोन विद्वानांनी, म्हणजे अल्याडच्या राजधानीतले, झाग्रेबचे प्राध्यापक ग्रेगुरेक आणि पल्याडच्या राजधानीतल्या, लुब्लियानाच्या डॉक्टर प्रेमरू यांनी भिंगातून वाचलं: 'फ्लोरियान. भाता चालवणारा आजारी. आज मीच. पाय भरून आले.' शब्द आमच्याच भाषेतले आहेत, असं दोघांनीही सांगितलं. फळी कापून तपासायला आपल्याकडे न्यावी, हेही दोघांनीही सुचवलं.

रेझिका म्हणाली, "ही फळी काढलीत तर याच्यात हवा राहायची नाही. न्यायच्या आधी फ्लोरियानचं भजन एकदा ऐका तरी. भाता मात्र तुम्हीच चालवा. आमच्या श्टेफानचा गुडघा धरलाय."

दोघं भात्याच्या पायट्यांवर चढले, रेझिका पट्ट्यांपाशी बसली. एकाचा पाय वर तेव्हा दुसरीचाही वर. माझा सूर रडवेला झाला. श्टेफान बाकावरून म्हणाला, "साहेब, आळीपाळीने. भांडण खाली उतरल्यावर."

मग पाय जुळले. मी वाजलो, मित्रांनो. खिडक्यांची तावदानं थरथरली. फ्लोरियानच्या हातांनी मी जसा वाजत असे, तसाच वाजलो.

घामाघूम होऊन ते उतरले, तेव्हा रेझिकाने पेन्सिल पुढे केली. प्राध्यापक म्हणाले, "बाई, हा पुरावा आहे. पुराव्यावर लिहीत नसतात."

"पुरावा तुमचा असेल. आमची ही हजेरी आहे."

आधी डॉक्टरबाईंनी लिहिलं. प्राध्यापकांनी चष्मा पुसला, बारीक अक्षरांत लिहिलं. नावं दोनशे आठ झाली.

मित्रांनो, जुन्या वस्तूवर अभिमानाने हक्क सांगा. पण तिचा श्वास चालू राहील, एवढं पाहा. मी कोणाचा हे मला कोणी विचारलं नाही. ज्याने भाता चालवला, त्याचा मी.

फळी कापण्याच्या परवानगीसाठी बिशपांकडे दोन अर्ज गेलेले आहेत. निर्णय गुरुवारी अपेक्षित आहे. काल संध्याकाळपर्यंत दोघांपैकी कोणीही आपला अर्ज मागे घेतलेला नव्हता.