हरभऱ्याची चाळण सोन्याच्या खाणीत

मित्रांनो, माझा पत्रा काळवंडला आहे आणि काठाला दोन पोचे आलेत, तरी मी अजून कामावर आहे. मी हरभरा चाळायची एक जुनी चाळण. अहमदपूरच्या एका कारागिराने खिळ्याने ठोकून माझं एकेक भोक पाडलं. महानंदाबाईंनी मला आठवडी बाजारातून घरी आणलं.

खळ्यावर मी खूप राबले. टपोरा हरभरा वर राहायचा; माती, खडे नि बारीक दाणा खाली पडायचा. "हिच्यासारखी चाळण गावात न्हाई," असं महानंदाबाई शेजारणींना सांगायच्या. पुढे मळणीयंत्र आलं आणि मी माळ्यावर गेले. तिथे कित्येक वर्षं मला कुणी हात लावला नाही.

महानंदाबाईंची लेक राजकन्या नांदेडला भूगर्भशास्त्र शिकली. तिला कर्नाटकातल्या एका लहानशा सोन्याच्या खाणीत नोकरी लागली. एकदा सुट्टीत घरी आली असताना तिने मला खाली काढलं.

"आई, दगड चाळून बघायला ही नेऊ का मी?"

"ने की माय. पर खाणीत हरभरा पेरून राहिलीस का काय?"

दोघी हसल्या आणि मी एसटीने निघाले.

त्या खाणीत सोनं फारच कमी होतं. टनभर दगड दळला तर चिमूटभरही हाती लागत नसे. सगळा दगड दळायला वीज आणि पाणी इतकं लागायचं की मालकांनी खाण बंद करायचं ठरवलं होतं. मुकादम बसलिंगप्पा आणि त्यांची साठ माणसं काळजीत होती.

राजकन्याने आधी दगड नीट पाहिला. काळ्या कातळात पांढऱ्या गारगोटीच्या शिरा होत्या आणि सोनं त्या शिरांमध्येच होतं. गारगोटी ठिसूळ, कातळ चिवट. दगड जाडसर फोडला की गारगोटीचा चुरा व्हायचा आणि कातळाचे मोठे तुकडे राहायचे. तिने तो फोडलेला दगड माझ्यावर ओतला.

"मॅडम, चाळणीनं सोनं निघतंय व्हय?" बसलिंगप्पांनी विचारलं.

"बघू मामा. वरचं येगळं तपासू, खालचं येगळं."

आठ दिवसांनी तपासणीचा कागद आला. जवळजवळ सगळं सोनं खाली पडलेल्या चुऱ्यात होतं! मित्रांनो, मी जन्मभर खाली पडेल ते टाकाऊ समजत आले होते. त्या दिवशी मला नवी अक्कल आली. मोठ्या लोखंडी जाळ्या बसल्या, वरचे रिकामे तुकडे दळायचे थांबले आणि निम्म्या दगडातच काम भागू लागलं. खाण चालू राहिली. बसलिंगप्पांनी मला हळदकुंकू लावलं.

मग दुसरा खड्डा उघडला. "हितंबी जाळी बसवू. मोठे तुकडे द्या फेकून!" बसलिंगप्पा उत्साहाने म्हणाले.

"थांबा मामा. आधी दगड तर बघू."

हा दगड राखाडी होता, त्यात एकही शीर नव्हती. तिने तो माझ्यावर चाळला आणि पुन्हा दोन्ही नमुने तपासायला पाठवले. वर आणि खाली सोनं सारखंच निघालं. कणकेत मीठ मुरावं तसं ते दगडभर पसरलं होतं. मोठे तुकडे फेकले असते तर त्यांच्याबरोबर सोनंही गेलं असतं.

बसलिंगप्पांचा चेहरा पडला. "म्हंजी चाळण फसली?"

"न्हाई मामा. चाळणीनं खरं तेच सांगितलं. या दगडाचा स्वभावच येगळा हाय."

मित्रांनो, तिथे माझ्यासारखी जाळी बसली नाही, याचं मला जराही वाईट वाटलं नाही. उलट, खरं सांगून सोनं वाचवल्याचं जे समाधान मिळालं, तितकं मला कौतुकानेही कधी दिलं नव्हतं.

आता मी नमुन्यांच्या खोलीत खुंटीवर असते. प्रत्येक चाचणीनंतर राजकन्या माझी भोकं ब्रशने साफ करते, तेलाचा हात फिरवते. लवकरच तिसऱ्या खड्ड्याचा दगड येईल. त्यात सोनं कुठे दडलंय ते मला ठाऊक नाही, आणि राजकन्याही आधीच सांगत नाही. तुम्हीही असंच करा. कोणतीही वस्तू टाकून देण्याआधी ती हातात घ्या, उजेडात धरा आणि नीट पाहा.