न मागितलेला शब्द

शंकाबाई हे नाव तिला कामावर पडलं होतं आणि मनातून ते तिला आवडायचं. आकाशातली विमानं सुखरूप खाली आणणाऱ्या माणसाने भोळं राहून चालत नाही, असं तिचं ठाम मत. वारा पडलाय असं हवामानवाल्यांनी कळवलं की ती मुद्दाम वर मनोऱ्यात फोन करून विचारायची, "खिडकीतून बघून सांगा, झेंडा हलतोय की नाही?" घरीही तेच. दूध तापवलंय म्हणून सांगितलं तरी झाकण उचलून बोट लावून बघणार.

"माझ्यावर तरी विश्वास ठेव गं," नवरा म्हणायचा.

"ठेवते की. एकदा खात्री झाली की ठेवते."

त्या दुपारी बाहेर गारा पडत होत्या. तिच्या खोलीला खिडकी नव्हती, त्यामुळे गारा तिला फोनवरूनच कळत होत्या. समोर पडद्यावर हिरवे ठिपके, प्रत्येकाच्या शेजारी त्याचा क्रमांक आणि उंची. उतरायला एकच धावपट्टी. वादळाचा एक तडाखा बसला की ती बंद व्हायची, जरा उघडीप मिळाली की सुरू. तोवर सगळे वर घिरट्या घालत बसलेले.

आणि त्यातच एकाने मेडे पुकारला.

मेडे म्हणजे मामुली शब्द नव्हे. जीव धोक्यात असला की वैमानिकाने तो तीनदा म्हणायचा. तो ऐकला की रांग मोडते, बाकीचे सगळे बाजूला होतात आणि त्या एकाला सरळ वाट मिळते. पण हा कॅप्टन होता बोंबल्या. मागे एका वादळात त्याने असाच प्रवासी आजारी असल्याचा गलका करून सर्वांच्या आधी विमान उतरवलं होतं, आणि तो आजारी प्रवासी स्वतःची बॅग ओढत, फोनवर हसत बाहेर पडला होता. आज म्हणे कुणाचं तरी हृदय थांबलं होतं.

"सोंग आहे हो, निव्वळ सोंग," माईक बंद करून ती शेजारच्या दाजींना म्हणाली. दाजी त्या खोलीतले सर्वांत जुने. त्यांनी तिथल्या कुणाच्या बहिणीशी लग्न केलेलं नव्हतं, तरी सगळे त्यांना दाजीच म्हणत.

"सोंग असो नाहीतर काही असो, शब्द उच्चारलाय ना त्याने?" दाजी म्हणाले. "मग वाट द्यायची."

तिने दिली. दात-ओठ खात दिली. बाकीच्यांना आणखी एक घिरटी घालायला सांगितलं. त्या बाकीच्यांत तिचा धाकटा दीर होता.

त्याने उत्तर दिलं, "ठीक. इंधन किमान."

हेही ठरलेलेच शब्द. त्यांचा अर्थ एवढाच, की आता मला फार रेंगाळवू नका. त्याने रांग मोडत नाही.

दिराचा आवाज सपाट होता. वर्षभर तो तिच्याशी याच आवाजात बोलत होता. म्हणजे कामापुरता आकाशातून, आणि घरी अजिबात नाही. कारण तिच्या मुलीचा वाढदिवस. त्या दिवशी विमानात धुराचा वास आला म्हणून त्याने मेडे पुकारला होता, सगळ्यांच्या आधी उतरला होता, आणि मेणबत्त्या विझवायच्या नेमक्या वेळेला दारात हजर झाला होता. तपासात काही सापडलं नव्हतं. मग भरल्या घरात ही बोलून गेली, "काय भाऊजी, धूर खराच होता, की वरूनच केकचा वास आला?"

सगळे खो खो हसले. त्याने चमचा खाली ठेवला.

"वहिनी, तुम्ही खुर्चीत असताना हा शब्द पुन्हा माझ्या तोंडून ऐकू येणार नाही."

नंतर नवऱ्याने तिला दहादा सांगितलं, चूक झाली म्हण आणि मोकळी हो. पण ती म्हणाली नाही. थट्टा केली होती हे खरं, पण तिला शंकाही खरीच होती.

आता ती पडद्याकडे बघत होती आणि डोक्यात किडा वळवळत होता. किमान म्हणजे किती किमान? हा फुगून बसलाय, की खरंच टाकी तळाला गेलीय? की आपली परीक्षा बघतोय?

"आणीबाणी जाहीर करताय का?" तिने विचारलं.

"नाही."

"किती वेळ निघेल इंधनावर?"

"सध्या पुरेसं आहे."

हे काय उत्तर झालं? न मागता त्याला पुढे घ्यावं, तर त्याच्या आधीपासून ताटकळणारे तीन जण होते. उद्या सगळे म्हणाले असते, शंकाबाईने दिराला आधी उतरवलं. इतरांवर जन्मभर संशय घेणाऱ्या माणसाला स्वतःवरच्या संशयाची फार भीती असते. तिने त्याला रांगेतच ठेवलं.

एवढ्यात मनोऱ्यातून फोन आला. बोंबल्याचं विमान उतरलं होतं. प्रवाशाला छाती दाबत दाबतच रुग्णवाहिकेत घातलं होतं. हृदय पुन्हा सुरू झालं होतं, पण आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलंच होतं.

सोंग नव्हतं. तिच्या हातात असतं तर तिने त्या माणसालाही फिरवत ठेवलं असतं. आणि मग तो वाढदिवसाचा धूर? तोही खराच असला तर? तसं असेल तर वरचा हा माणूस आपल्याकडे काही मागण्यापेक्षा शेवटच्या थेंबापर्यंत घिरट्या घालेल. एक ना दोन, शे-दीडशे माणसं विमानात घेऊन.

तिने कानावरचा हेडफोन काढला.

"दाजी, माझ्या जागी बसा."

"आत्ता? ऐन गर्दीत?"

"आत्ताच. मी असेपर्यंत तो बोलणार नाही."

दाजींना घरातली भानगड ठाऊक होती. कोणता ठिपका कुठे आहे ते तिने भराभरा सांगितलं, आणि ते बसले. ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. आता तिला काहीच ऐकू येत नव्हतं. दाजींचे ओठ हलले, थांबले. मग त्यांचा हात टेबलावर आपटला आणि त्यांनी खोलीभर आवाज टाकला, "मेडे! इंधन! बाकी सगळे बाजूला काढा!"

दिराचा ठिपका वळला आणि सरळ धावपट्टीकडे निघाला. खाली, आणखी खाली. जमिनीजवळ आलं की विमान पडद्यावरून पुसलं जातं. उतरलं तरी पुसलं जातं, आणि पडलं तरी. ठिपका गेला. तिने तोंडाला पदर लावला आणि फोनकडे बघत राहिली. वाजेना. तिला रडू फुटलं.

मग तो वाजला.

"टेकला," दाजी म्हणाले. "धावपट्टी सोडली आणि एक इंजिन बंद पडलं म्हणे. कोरडं." त्यांनी मान तिच्याकडे वळवली. "मी त्याला काही विचारलंसुद्धा नाही गं. नुसता त्याचा क्रमांक पुकारला. आवाज बदललेला ऐकला आणि लगेच बोलला."

संध्याकाळी तो तिला कर्मचाऱ्यांच्या जिन्यात भेटला. टोपी हातात, गणवेशाची पाठ घामाने चिकटलेली. दोघंही एकाच पायरीवर थबकले.

"तुम्ही उठलात, वहिनी."

"हो. चुकलं माझं, भाऊजी. वाढदिवसाचंही चुकलं. पण एवढी माणसं होती तुमच्या विमानात. तोंडातून शब्द का नाही काढलात?"

"माझंही चुकलंच. ते मी वरिष्ठांना लिहून दिलंय, मला सोडणार नाहीत." तो कठड्याकडे बघत होता. "दोनदा ओठांपर्यंत आला होता. पण वाटलं, तुम्ही आधी विचाराल, खरं की खोटं? आणि ते ऐकण्यापुरतंही इंधन उरलं नव्हतं."

"नसतं विचारलं मी," असं म्हणायला तिने तोंड उघडलं. आणि ते तसंच मिटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिला स्वतःच्याच शब्दाची खात्री नव्हती.